तीन फुटांचा ओटा आणि दोन स्वातंत्र्यवादी

टेपला दोन टोकं असतात. एका टोकाला मी उभा असतो आणि आकडा वाचतो. दुसऱ्या टोकाला शून्य असतं, ते कोणीतरी धरून ठेवतं. लोकांना वाटतं, महत्त्वाचा माणूस आकडा वाचणारा. सत्तावीस वर्षांनंतर सांगतो, महत्त्वाचा माणूस शून्य धरणारा. शून्य जिथे धरलं असेल तिथून पुढचं सगळं खरं किंवा खोटं होतं.

उज्जैनमध्ये आमच्या कामाला नपती म्हणतात आणि आम्हाला नपतीवाले. मराठीत मोजणीदार. घर विकायचं, भावांत वाटायचं, वर मजला चढवायचा किंवा समोरचा रस्ता रुंद व्हायचा असला की मी जातो. कधी घरमालक बोलावतात, कधी रस्त्याच्या कामावर नेमणूक होते. माझ्या वह्यांप्रमाणे आजवर चार हजारांच्या वर घरं मोजून झाली. माझं स्वतःचं घर नानाखेड्याला आहे, साडेबावीस फूट बाय पन्नास. ते मी तीनदा मोजलं आहे. बायको, मेधा, म्हणते की लग्नात आंतरपाटही मोजला असाल. मोजला नव्हता, पण तो जरा तोकडा होता एवढं आठवतं.

माझ्याबरोबर चेनमन म्हणून रामप्रसादजी असतात. पूर्वी लोखंडी साखळीने मोजायचे, म्हणून चेनमन. साखळी गेली, नाव राहिलं. रामप्रसादजी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, कमी बोलणारे, आणि शून्य धरण्यात त्यांचा हात धरणारा माणूस माळव्यात नाही.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की शून्य घराच्या भिंतीला धरायचं, ओट्याला नाही. ओटा वेगळा मोजायचा आणि वेगळा लिहायचा, कारण ओटे हळूहळू रस्त्यात उतरलेले असतात. कोणाच्या आजोबांनी बसायला दगड टाकला, वडिलांनी त्याला चुना केला, मुलाने फरशी बसवली, आणि नातू म्हणतो, आमचं घर इथून सुरू होतं. नियम सोपा आहे. पण टेपच्या टोकाला पितळी आकडा असतो. तो ओट्याच्या दगडी कडेला झकास अडकतो, आणि सपाट भिंतीवर मात्र अंगठ्याने दाबून धरावा लागतो. त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा आळस बरोबर ओट्याच्या कडेला जाऊन अडकतो. ही चूक दुसऱ्या कोणत्या धंद्यात होत नसेल. आमच्यात मात्र ती प्रत्येकाने एकदा तरी केलेली असते. माझीही एक आहे, आणि आज तीच सांगायची आहे.

त्याआधी लोक कसे असतात ते थोडं सांगतो. एक कचोरीवाला होता. त्याच्या पायऱ्या रस्त्यात चार फूट आल्या होत्या. मला म्हणाला, "मेरी ज़मीन, मेरी सीढ़ी. सरकार को क्या मतलब?" आणि त्याच दमात समोर बोट करून, "पहले उसका छज्जा देखो साब, पूरा एक फुट बाहर है, तुड़वाओ उसको." वाटणीच्या एका घरात दोघे भाऊ एकमेकाला शून्य धरू देईनात. शेवटी रामप्रसादजींनी भिंतीत खिळा ठोकला आणि त्याला टेप अडकवला. त्या घरात तेवढा एक खिळा दोघांच्या विश्वासाचा होता. माधवनगरमध्ये एका बाईंनी तुळशीवृंदावन मोजू दिलं नाही. म्हणाल्या, "तुळस जागा घेत नाही हो, देते." मी वहीत लिहिलं, तुळस सोडून.

चार हजार घरांचा माझा निष्कर्ष असा की प्रत्येक माणूस स्वातंत्र्यवादी असतो, पण स्वतःच्या भिंतीपर्यंतच. भिंतीपलीकडे त्याला कायदा हवा असतो, आणि तो कडक हवा असतो. याला अपवाद मला एकच भेटला, ते म्हणजे सबनीसकाका.

देवास गेटच्या अलीकडे एक जुनी गल्ली आहे, तिथे त्यांचं घर. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लिहिण्याच्या कामावर होते. काका स्वतः शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण कुंदाताई राहतात. कुंदाताईंनी लग्न केलं नाही. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर भावाकडे आल्या. त्यांच्यासाठीच तो मजला चढवला होता. रोज चार वाजता दोघं खाली समोरच्या खोलीत चहाला बसत आणि भांडत. मी त्या बाजूला कामाला असलो की चारला तिथे पोचेन असा हिशेब करत असे.

दोघं स्वतःला लिबर्टेरियन म्हणवत, आणि दुसरा लिबर्टेरियन नाहीच असं म्हणत. हा शब्द मी त्यांच्याकडेच ऐकला. मी एकदा कुंदाताईंना म्हटलं, मला साध्या भाषेत सांगा.

"मराठीत स्वातंत्र्यवादी म्हणायचं," त्या म्हणाल्या, "पण तसं म्हटलं की लोक विचारतात, किती वर्षं तुरुंगात होता?"

मग त्यांनी बिस्किटं मांडून समजावलं. माणूस स्वतःचा मालक आहे, राजाचा नाही, बहुमताचाही नाही. त्याचं शरीर त्याचं, त्याची मेहनत त्याची. कोणी कोणावर बळजबरी करायची नाही, आणि सरकारनेसुद्धा नाही. दोन माणसं राजीखुशीने काही देत-घेत असतील तर तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही. इथवर सगळ्यांचं एकमत. यापुढे प्रत्येकाचं वेगळं घर. कोणी म्हणतं, सरकार चौकीदारापुरतं असावं. कोणी म्हणतं, चौकीदारही नको, तो आपण आपला ठेवू. आणि सगळ्यात मोठं भांडण जमिनीवरून.

"का? जमिनीत काय आहे?" मी विचारलं. माझ्या धंद्याचा प्रश्न होता.

"कारण जमीन कोणी बनवली नाही ना," कुंदाताई म्हणाल्या. "ही बिस्किटं कोणीतरी बनवली. हे टेबल दादाने स्वतः केलं. जमीन कोणाच्या मेहनतीची?"

काका लगेच सरसावले. "ज्याने झुडपं काढली, विहीर खणली, घर बांधलं, त्याच्या मेहनतीची. आणि पुढे ज्याला त्याने राजीखुशीने दिली त्याची. आजोबांनी घेतली, वडिलांना दिली, त्यांनी मला. सरळ साखळी आहे."

"आणि पहिल्या कडीचं काय? एका माणसाने काठ्या रोवल्या आणि म्हणाला, माझी. त्या दिवशी बाकीच्यांना कोणी विचारलं? त्यांची संमती कुठल्या कागदावर आहे, दादा?"

"साखळीतली एक जरी कडी चोरीची असेल तर पुढचं सगळं खोटं, हे मी मान्य करतो. पण चोरी दाखवायला लागेल. नुसता संशय चालणार नाही."

"शंभर पिढ्यांची चोरी कोण दाखवणार?"

"मग चहा पी."

काकांचं वैशिष्ट्य असं की ते आपली तत्त्वं आधी स्वतःवर चालवत. हेल्मेट सक्तीच्या विरोधात त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, आणि स्वतः मात्र भाजी आणायलाही हेल्मेट घालून जात. मी विचारलं तर म्हणाले, "डोकं माझं आहे म्हणूनच घालतो. कोणी सांगितलं म्हणून नाही." शेजारच्या गच्चीवर भोंगा लागला तेव्हा शेजारी हसत म्हणाले, "मास्टरजी, आप ही तो कहते हो, मेरी छत मेरी मर्ज़ी." काका म्हणाले, "छत आपकी, पर कान तो मेरे हैं. आवाज़ अपनी हद में रखिए." शेजाऱ्यांनी भोंग्याचं तोंड आपल्याच जिन्याकडे वळवलं. कायद्याने हे काम किती दिवसांत झालं असतं ते मला माहीत आहे.

आता माझी चूक सांगतो.

पंधरा वर्षांपूर्वी, कुंदाताईंचा मजला चढवायच्या वेळी, काकांनी मला घराचा नकाशा करायला बोलावलं. त्या घराच्या दर्शनी भिंतीबाहेर तीन फूट रुंदीचा दगडी ओटा होता आणि ओट्यावर पाणपोई. ती काकांच्या पत्नीची, मालतीकाकूंची. पाच माठ, लाल ओलं कापड, आणि साखळीने न बांधलेले पेले. "बांधून ठेवायचं तर पाणी कशाला द्यायचं," असं त्या म्हणायच्या. बसस्टँडकडे जाणारी माणसं, हमाल, रिक्षावाले, सगळे तिथे थांबत. सरकारी नाही, संस्थेची नाही, पाटी नाही, वर्गणी नाही. काका म्हणत, "माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं एका वाक्यातलं उत्तर म्हणजे मालतीचा ओटा. कोणी सक्ती केली नाही, आणि गाव पाणी पितो."

त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं. रामप्रसादजी चुन्याची फक्की आणायला गेले होते. काकू म्हणाल्या, "मी धरते हो टोक, मला काय कठीण आहे." मागच्या हद्दीच्या दगडाशी जाऊन मी टेप ताणला. मधला दरवाजा उघडा होता, सरळ रेषेत काकू दिसत होत्या. त्यांनी पितळी आकडा ओट्याच्या कडेला अडकवला. "इथे छान अडकतंय," त्या ओरडल्या. मी पाहिलं. मला दिसलं की शून्य भिंतीला नाही, ओट्याला आहे. दोन घोट पाणी नुकतंच त्यांच्याच हातून प्यायलो होतो. परत सगळं गुंडाळून पुढे जायचं, त्यांना सांगायचं, पुन्हा ताणायचं, याचा कंटाळा आला. आकडा वाचला, पंचेचाळीस फूट. लिहिला.

"बरोबर धरलं ना मी?" त्यांनी विचारलं.

"अगदी," मी म्हणालो.

वहीत ओट्याचा वेगळा रकाना कोरा राहिला. नकाशावर घराची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतची लांबी, पंचेचाळीस फूट झाली. मजला चढला. कोणाचं काही बिघडलं नाही.

काकूंना जाऊन आता पाच वर्षं होतील. तेव्हापासून माठ काका भरतात, सकाळी सहाला आणि दुपारी दोनला. कुंदाताई मदत करायला गेल्या तर म्हणतात, "राहू दे, तिचं काम आहे." पेले अजून बांधलेले नाहीत. चोरीला जातात, काका नवीन आणतात.

गेल्या वर्षी त्या गल्लीची रुंदी वाढवायचं ठरलं. सिंहस्थ जवळ यायला लागला की आमच्याकडे रस्ते मोजायला निघतात, त्यात नवीन काही नाही. मोजणीला माझी नेमणूक झाली. बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे रुंदीकरणात लोक पुष्कळदा स्वतःचं घर स्वतः तोडतात. भिंतीवर लाल रंगाची खूण होते, तिथपर्यंतचा भाग घरमालक आपला गवंडी लावून उतरवतो. मशीन आलं तर खुणेपाशी थांबेलच असं नाही. आपला गवंडी एक एक वीट जपून काढतो, दार-खिडकी वाचते. त्याआधी एक संमतीपत्र भरायचं असतं. त्यात छापलेलं असतं, मी माझी जागा स्वेच्छेने देत आहे.

मध्यरेषेपासून मोजत आम्ही सबनीसांच्या दाराशी आलो. खूण बरोबर दर्शनी भिंतीच्या पायाशी पडत होती. भिंत वाचत होती. जात होता तो फक्त ओटा.

काका दारात उभे होते. रामप्रसादजींच्या हातातला लाल ब्रश पाहून म्हणाले, "कितना?"

"तीन फुट, बाबूजी," रामप्रसादजी खाली बघत म्हणाले.

"म्हणजे मालतीचा ओटा." मग माझ्याकडे वळले. "दिलीप, माप घे. माप खरं आहे, त्याला मी अडवणार नाही. पण संमतीपत्र नाही भरणार."

"काका, सगळी गल्ली भरते आहे."

"नाही म्हणायची सोय नसेल तर हो म्हणण्याला काय अर्थ? काढून घ्यायचं तर घ्या, पण माझ्याकडून स्वेच्छेने असं लिहून घेऊ नका. तो शब्द त्यांचा नाही, माझा आहे."

आतून कुंदाताई म्हणाल्या, "रस्ता सगळ्यांचा असतो, दादा. हमालाची हातगाडी अडते इथे, रोज बघतोस तू."

"हमालाने मागितला असता तर दिला असता. त्याने मागितला नाही."

आठ दिवसांनी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. एक वकील ठरवला होता. टेबलावर माझा पंधरा वर्षांपूर्वीचा नकाशा पसरलेला. काकांनी पंचेचाळीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ओटा घराच्या मापात आहे, म्हणजे माझ्या मालकीत आहे. हाच आमचा मुख्य कागद. वकील म्हणाले, मोजणीदार कोण? मी म्हटलं, हा माणूस चुकत नाही." मग जुन्या खरेदीखताची नक्कल माझ्या हातात दिली. "वकिलांना हे वाचता येत नाही. हातांत मापं आहेत, तू फुटांत करून दे."

मला तेव्हाच कळलं होतं. तरी कागद घरी आणला. खरेदीखतात लिहिलं होतं, मागच्या हद्दीच्या दगडापासून दर्शनी भिंतीपर्यंत अठ्ठावीस हात. हात म्हणजे दीड फूट. अठ्ठावीस दीडे बेचाळीस. मी कागदावर केलं, मग तोंडी केलं, मग पुन्हा कागदावर. प्रत्येक वेळी बेचाळीस.

मेधा समोर मटार सोलत बसली होती. "काय झालं?"

"तीन फूट चुकलो."

"कधी?"

"पंधरा वर्षांपूर्वी."

तिने शेंग खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. ओटा खरेदीखतात नाही. तो रस्त्याच्या जागेवर बांधलेला आहे. तो काकांचा असल्याचं जगात एकच कागद सांगतो, आणि तो कागद माझा आहे, आणि तो चुकला आहे.

"गप्प राहिलात तर?"

"काका कदाचित जिंकतील. निदान वर्षानुवर्षं चालेल. ओटा तोवर राहील."

"आणि सांगितलंत तर?"

"तर काकूंचा ओटा मी घालवला असं होईल. त्या वेळी शून्य त्यांच्या हातात होतं गं. त्यांनी विचारलंही होतं, बरोबर धरलं ना."

मेधाने खाली ठेवलेली शेंग उचलून सोलली. मग म्हणाली, "खोट्या कागदावर ओटा ठेवायचा की नाही, हे काकांनी ठरवायचं. ते तुम्ही का ठरवताय? त्यांना सगळ्यात राग कशाचा येतो, त्यांच्यासाठी दुसऱ्याने ठरवलेलं, याचाच ना?"

दुसऱ्या दिवशी चारला मी गेलो. चहा झाला होता. वही बरोबर नेली होती, तो कोरा रकाना दाखवायला. मी उभ्यानेच सांगितलं. काकूंनी शून्य धरलं होतं हे सांगितलं नाही, रामप्रसादजी नव्हते एवढंच म्हणालो.

काकांनी हात पुढे केला. खरेदीखत घेतलं, वाचलं, ओठांतल्या ओठांत दिडकी, दीडचा पाढा, म्हटली. मग म्हणाले, "टेप आणलास?"

"हो."

"चल." ते स्वतः पुढच्या दाराशी गेले आणि शून्य भिंतीला अंगठ्याने दाबून धरलं. मी मागे दगडाशी गेलो. बेचाळीस फूट, पाव इंच कमी. ते पुढून ओरडले, "किती?" मी सांगितलं. परत आलो तेव्हा ते अजून अंगठा दाबून उभे होते.

"सोडा आता, काका."

"त्या वेळी टोक मालतीने धरलं होतं," ते म्हणाले. "मला आठवतं. मला येऊन सांगत होती, नपतीवाल्याने माझ्याकडून काम करून घेतलं."

मी मान खाली घातली. "त्यांची काही चूक नाही. मला दिसलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो."

आणि मग जे झालं त्याची मी अपेक्षा केली नव्हती. कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. ज्या बाई इतकी वर्षं म्हणत होत्या की जमीन सगळ्यांची, त्याच भावाला म्हणाल्या, "म्हणून काय झालं? ओटा ऐंशी वर्षं तिथे आहे. कोणी हरकत घेतली नाही. वहिनीने त्यावर आयुष्य घातलं. तूच म्हणतोस ना, मेहनत जमिनीत जाते? वकिलाला सांग, लढायचं."

"कुंदे, जागा आपली नाही."

"अरे, वहिनीचा ओटा आहे तो!"

"म्हणूनच," काका म्हणाले. "तिच्या नावावर दुसऱ्याची जागा कशी ठेवू? साखळीतली कडी चोरीची असेल तर पुढचं सगळं खोटं, हे मीच म्हणत आलो. तू म्हणायचीस, दाखवणार कोण. याने दाखवली. माझ्याच घरातली निघाली."

"दादा, तू गणितासारखं बोलतोस."

"आणि तू आज माझ्यासारखी बोलते आहेस."

कुंदाताईंनी डोळ्याला पदर लावला आणि रागाने म्हणाल्या, "कोणीतरी बोलायला नको का तुझ्या बाजूने?"

काका हसले. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दोघांना एकमेकांना हात लावताना मी त्या दिवशीच पाहिलं.

संमतीपत्र त्यांनी शेवटपर्यंत भरलं नाही. आता कारण वेगळं होतं. जे माझं नाही ते मी स्वेच्छेने देतो असं कसं लिहू, म्हणाले. साध्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: ओट्याची जागा माझी नाही. आमच्या घराने ती आजवर वापरली. परत करत आहे. पालिकेच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, असा फॉर्मच नाही, कशात लावू? मी माझं दुरुस्तीपत्र त्याला जोडलं. त्यात माझी चूक, तारीख आणि योग्य माप लिहिलं होतं. सत्तावीस वर्षांतलं माझं ते एकमेव दुरुस्तीपत्र. बाबूने दोन्ही कागद वाचले, माझ्याकडे पाहिलं आणि टाचणी मारली.

ओटा उतरवला त्या दिवशी काकांनी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे माठ भरले. गवंडी आठला आला. तोपर्यंत आलेल्या प्रत्येकाला पाणी दिलं, मग माठ आत नेले. पहिला दगड त्यांनी स्वतः पहारीने हलवला. रामप्रसादजी, ज्यांचं तिथे काहीच काम नव्हतं, संध्याकाळपर्यंत दगड वाहत होते. मला बोलावलं नव्हतं, तरी मी होतो. हातगाडीवाला हमाल त्या मोकळ्या जागेतून पहिल्यांदा न थांबता गेला, आणि पुढे जाऊन सवयीने वळून पाहिलं.

त्यानंतर महिनाभर मी चारच्या चहाला गेलो नाही. धीर झाला नाही. मग एक दिवस काकांचा फोन आला. "दिलीप, एक नपती आहे. रामप्रसादजींनाही आण."

गेलो तर समोरच्या खोलीची भिंत मधोमध फोडलेली. खिडकीच्या जागी कमरेएवढ्या उंचीवर मोठी मोकळी चौकट, आणि चौकटीच्या आत, खोलीमध्येच, जुन्याच दगडांचा कट्टा. चहाचं टेबल मागच्या खोलीत गेलं होतं. कट्ट्यावर पाच माठ, लाल ओलं कापड. रस्त्यावरच्या माणसाने हात आत घालायचा की पाणी.

"तुमची बैठकीची खोली गेली," मी म्हणालो.

"गेली नाही. दिली." काका म्हणाले. "नकाशा करून दे. घराची खोली बेचाळीस, त्यातला भिंतीपासून आत तीन फूट भाग पाणपोईला. वकिलाने नाही सांगितलं, कोणी नाही सांगितलं. खाली मी सही करणार आहे."

कुंदाताई मागच्या खोलीतून म्हणाल्या, "जमीन मुळात तुझी नाहीच, दादा. पहिल्या काठ्या कोणी रोवल्या ते अजून तू सांगितलं नाहीस."

"मग चहा पी," काका म्हणाले.

मी टेप काढला. रामप्रसादजींनी शून्याचं टोक घ्यायला हात पुढे केला, पण काकांनी ते आधीच घेतलं होतं. भिंतीच्या कडेला ठेवून त्यांनी अंगठ्याने दाबलं. मी कट्ट्याच्या आतल्या कडेला गेलो. टेप माठांवरून ताणला.

"बरोबर धरलंय ना मी?" त्यांनी विचारलं.

मी परत पुढे गेलो. वाकून त्यांचा अंगठा पाहिला, खालची पितळी पट्टी भिंतीला टेकली आहे ते पाहिलं. मग आपल्या जागेवर आलो आणि आकडा वाचला.

"बरोबर धरलंय," मी म्हणालो. "तीन फूट."

नकाशा तिथेच बसून केला. काकांनी खाली सही केली, आणि सहीच्या वर, त्या गणिताच्या मास्तरांच्या सुबक अक्षरात, एकच शब्द लिहिला: स्वेच्छेने.

निघताना मी पेला उचलला. तो बांधलेला नव्हता.